आपली करुणा दाखला मागते का?

एखादा चित्रपट पाहताना आपले डोळे भरून येतात. शेजारच्याच्या लक्षात येऊ नये म्हणून आपण हळूच रुमाल काढतो आणि दिवे लागले की सावरून बसतो. हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. पण ते अश्रू नेमके कोणासाठी होते आणि दिवे लागल्यावर ते कुठे गेले, हे आपण स्वतःला सहसा विचारत नाही. आज ते एका चित्रपटाच्या निमित्ताने विचारू या.

अमेरिकेतील ओकलंड शहरात 1 जानेवारी 2009 च्या पहाटे एक घटना घडली. ऑस्कर ग्रँट नावाचा 22 वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण नववर्षाचे स्वागत करून मित्रांसोबत रेल्वेने घरी परतत होता. गाडीत भांडण झाल्याच्या तक्रारीवरून रेल्वे पोलिसांनी फ्रूटवेल स्थानकावर त्याला व त्याच्या मित्रांना उतरवून घेतले. ऑस्कर फलाटावर पालथा पडलेला असताना एका पोलिसाने त्याच्या पाठीत गोळी झाडली आणि काही तासांनी त्याचा मृत्यू झाला. प्रवाशांनी हे सारे मोबाइलवर टिपले होते. विजेचा झटका देणारे उपकरण काढायचे होते, चुकून पिस्तूल हाती आले, असे त्या पोलिसाने न्यायालयात सांगितले. ज्यूरीने त्याला हेतू नसताना घडलेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी धरले. शिक्षा झाली दोन वर्षांची आणि प्रत्यक्षात तो 2011 च्या जूनमध्येच बाहेर आला.

रायन कूगलर या तरुण दिग्दर्शकाने ऑस्करच्या शेवटच्या दिवसावर 'फ्रूटवेल स्टेशन' हा चित्रपट केला. मोठ्या कंपनीचे पाठबळ नसलेला, तुटपुंज्या पैशात केलेला हा त्याचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. 2013 च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि प्रेक्षकांच्या पसंतीचाही. त्या दिवशी ऑस्करच्या आईचा वाढदिवस असतो. रात्री बाहेर निघालेल्या मुलाला आई काळजीने सांगते, गाडी नेऊ नकोस, रेल्वेने जा. ते सुरक्षित आहे म्हणून. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि म्हणूनच आईचे ते साधे वाक्य काळजाला घर पाडते.

12 जुलै 2013 रोजी अमेरिकेत हा चित्रपट मोजक्या चित्रपटगृहांत लागला. दुसऱ्याच दिवशी फ्लोरिडातील एका खटल्याचा निकाल आला. ट्रेवॉन मार्टिन या 17 वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालणारा माणूस निर्दोष सुटला. पडद्यावरचे दुःख आणि बाहेरचे दुःख यांच्यामध्ये एका भिंतीचेही अंतर उरले नाही.

पण सगळेच प्रेक्षक केवळ हळहळले नाहीत. काहींनी आक्षेप घेतला की दिग्दर्शकाने ऑस्करला फार चांगला दाखवला आहे. चित्रपटात एक प्रसंग आहे. गाडीखाली सापडलेल्या एका कुत्र्याला ऑस्कर उचलून घेतो आणि त्याच्या अखेरच्या क्षणी त्याच्याजवळ थांबतो. ऑस्करच्या त्या दिवशी असे काही घडल्याची नोंद नाही. प्रेक्षकांची सहानुभूती मिळवण्यासाठी हा प्रसंग घातला, असे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे.

या आक्षेपाला सत्याचा आधार आहे आणि सत्याचा आग्रह धरणाऱ्याला आपण कमी लेखू नये. पण वाचकहो, या वादाच्या तळाशी काय आहे ते पाहा. ऑस्कर चांगला होता असे सांगणारे आणि तो तेवढा चांगला नव्हता असे म्हणणारे, दोघेही नकळत एकच गोष्ट धरून चालले आहेत. माणूस चांगला असेल तरच त्याच्या मृत्यूचे दुःख करावे! जणू न्याय आणि करुणा मिळण्यासाठी आधी चारित्र्याचा दाखला जोडावा लागतो.

खरे तर चित्रपट ऑस्करचे दोष झाकत नाही. तो तुरुंगात जाऊन आला आहे, कामावर उशिरा जाऊन त्याने नोकरी घालवली आहे, त्याला राग आवरत नाही. आणि तो आपल्या चार वर्षांच्या मुलीचा लाडका बाबाही आहे. पण त्या फलाटावर यातले काहीच विचारात घेण्यासारखे नव्हते. पालथ्या पडलेल्या माणसाला गोळी घालणे योग्य होते का, एवढाच तिथला प्रश्न होता. त्याचे उत्तर ऑस्कर संत असता तरी तेच आणि नसता तरी तेच.

आपण अध्यात्माच्या वाटेवर चालणारे. आपल्यापुढे याहून सूक्ष्म असा एक मोह असतो. दुसऱ्याचे दुःख पाहून आपण पटकन म्हणतो, "ज्याचे त्याचे कर्म!" कर्मसिद्धांत आपल्याला दिला आहे तो स्वतःच्या आयुष्याची जबाबदारी घेण्यासाठी. तो आरसा आहे, स्वतःसमोर धरायचा. दुसऱ्याच्या वेदनेवर पांघरूण घालण्यासाठी तो वापरला, तर सिद्धांत तोच राहतो, पण आपले हृदय मात्र कोरडे होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रेष्ठ योगी कोणाला म्हटले आहे? दुसऱ्याचे सुखदुःख जो स्वतःच्या सुखदुःखासारखेच पाहतो त्याला. तिथे दुसऱ्याच्या पात्रतेची अट घातलेली नाही.

आपल्या रसशास्त्राने याचे एक मर्म सांगितले आहे. भरतमुनींनी करुणरसाचा स्थायी भाव शोक मानला. पुढच्या आचार्यांनी साधारणीकरणाची कल्पना मांडली. नाट्य पाहताना पात्राचे दुःख त्याच्या एकट्याचे राहत नाही. त्याची जात, देश, रंग गळून पडतात आणि सहृदय प्रेक्षकाला ते आपलेच वाटते. प्रेक्षागृहात हे आपोआप घडते. साधना सुरू होते ती दाराबाहेर, कारण तिथे रंग, जात, भाषा सगळे पुन्हा जागच्या जागी येऊन बसते.

स्वामी विवेकानंदांच्या चरित्रात याचे उदाहरण आहे. अमेरिकेत काही ठिकाणी त्यांना कृष्णवर्णीय समजून हॉटेलांत प्रवेश नाकारण्यात आला. आपण भारतातून आलेले आहोत एवढे सांगितले असते तरी मान मिळाला असता. स्वामीजींनी ते सांगितले नाही. पुढे कोणी कारण विचारले, तेव्हा दुसऱ्याला खाली ठेवून स्वतः वर चढायचे, ही कल्पनाच त्यांना असह्य वाटली. अपमान होत असतानाही त्यांनी स्वतःसाठी वेगळा दाखला पुढे केला नाही.

आणि आपण? 2016 च्या जानेवारीत बंगळुरूमध्ये सुदानच्या एका विद्यार्थ्याच्या गाडीखाली एक स्त्री ठार झाली. थोड्या वेळाने टांझानियाची एक विद्यार्थिनी मित्रांसोबत तिथे पोहोचली. अपघाताशी तिचा काहीही संबंध नव्हता. तरीही जमावाने तिला मारहाण केली, तिचे कपडे फाडले, गाडी पेटवून दिली. संबंध होता तो फक्त कातडीच्या रंगाचा. ओकलंडच्या फलाटासाठी रडणे आपल्याला सोपे जाते, कारण तो फलाट दूर आहे. आपल्या गल्लीत घर भाड्याने मागायला आलेल्याला आपण आधी काय विचारतो, हे मात्र जवळचे आहे.

म्हणून या आठवड्यात एक छोटा अभ्यास करू या. कोणावर अन्याय झाल्याची बातमी वाचली की आपल्या मनात पहिला प्रश्न कोणता उठतो, तो फक्त पाहायचा. "तो कोण होता? कुठला होता? तिथे कशाला गेला होता?" असा प्रश्न उठला, तर स्वतःला दोष देऊ नका. क्षणभर थांबा आणि त्याच्या जागी दुसरा प्रश्न ठेवा: "त्याच्यावर जे झाले, ते कोणावरही व्हावे असे आहे का?"

हा दुसरा प्रश्न आधी उठू लागला, तर समजावे की चित्रपटगृहात आलेले अश्रू वाया गेले नाहीत.