इशारा देणारा खोटा ठरतो काय?

सोनगीर येथील एका शेतकरी बंधूनें मला विचारिलें, "पाळकसाहेब, गारपिटीचा इशारा मोबाईलवर आला म्हणून आम्हीं कच्चाच कांदा उपटिला, आभाळ तर कोरडें राहिलें. मग इशारा देणारे खोटे बोलले कीं नाहीं?" प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. कच्चा कांदा चाळींत टिकत नाहीं, आणि त्यांच्या घरचें वर्ष त्याच कांद्यावर चालतें.

जें आपणांस खरें वाटत नाहीं तें खरें म्हणून सांगणें, हा खोटेपणा. आतां हवामानखात्याची रीत पाहा. २०२४ सालीं सोडलेला इन्सॅट-३डीएस उपग्रह सुमारें ३६ हजार किलोमीटर उंचीवरून ढगांच्या माथ्याची उष्णता मोजितो. माथा जितका थंड तितका ढग उंच. रडार रेडिओलहरी सोडून ढगाच्या पोटांतील थेंब व गारा चांचपितें. परंतु कुलाब्याच्या रडारापासून सोनगीर तीनशें किलोमीटरांहून दूर. पृथ्वी गोल असल्यामुळें तेथून निघालेला किरण आपल्या गांवावर येईतों कित्येक किलोमीटर उंच गेलेला असतो, आणि ढगाखालीं काय चाललें आहे तें त्यास दिसत नाहीं. शिवाय पाऊसही एकसारखा कोठें पडतो? २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझास ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच मुंबईंत कुलाब्यास अवघा ७३! तेव्हां 'जिल्ह्यांत शक्यता आहे' असें म्हणणारा जेवढें जाणतो तेवढेंच बोलतो. आमच्या बंधूंनीं 'शक्यता' हा शब्द गाळून वाचिला.

इतकें सांगून मी मोकळा झालों असतों, पण मन मानीना. शब्द गाळिला हें खरें, तरी तोटा त्यांचाच झाला. आपल्यावर दोष येऊं नये एवढ्याचसाठीं जो रोज इशारा देईल तो खोटें बोलत नसेल, परंतु ऐकणाराचा विश्वास तो खर्चून टाकितो. शक्यता किती, कोणत्या तालुक्यांत आणि कोणत्या प्रहरीं, हें सांगतां येईल तितकें सांगणें त्याजकडे लागतें.

आणि ज्याच्या हातीं इशारा पोहोंचला त्याजकडे कांहींच लागत नाहीं काय? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचें 'दामिनी' हें ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतें. पण माळावरच्या मेंढपाळाजवळ तसला मोबाईल नसतो. लोक हंसतील म्हणून आपण गप्प बसलों आणि वीज पडली, तर कोणाकडे बोट दाखवावें?

त्या बंधूंस मी हेंच विचारिलें. क्षणभर थांबून ते म्हणाले, "मेंढपाळास सांगेन, साहेब. मेंढरें उगाच खालीं आणिलीं तर त्याची एक दुपार जाईल. कांदा मात्र आतां उपटणार नाहीं." यांत मला कांहीं गैर दिसलें नाहीं.