हरवलेले धन, अभ्यास आणि वैराग्य

संगणकातील एक फाईल खराब होते आणि काही वर्षांची बचत हाताबाहेर जाते. आभासी चलन बाळगणाऱ्यांवर असा प्रसंग येऊ शकतो. वॉलेटची फाईल उघडत नाही, पडद्यावर चुकीचा संदेश येतो आणि मनाचा थरकाप होतो. अशा वेळी साधनामार्गावरील माणसाला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, "सगळी माया आहे, सोडून द्या." दुसरा म्हणतो, "काही झाले तरी प्रयत्न सोडू नका." दोन्ही सल्ले आपुलकीने दिलेले असतात. पण हरवलेले धन परत मिळवण्यासाठी माणसाने किती झटावे आणि कुठे थांबावे?

नेमके काय हरवले आहे?

आधी वस्तुस्थिती पाहू. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनचे उदाहरण घेऊ. ही नाणी आपल्या संगणकात नसतातच. कोणत्या पत्त्यावर किती रक्कम आहे याची नोंद ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक खातेवहीत असते आणि तिच्या प्रती जगभरातील असंख्य संगणकांवर असतात. आपल्या फाईलमध्ये असते ती खासगी किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. ती असेल तरच रक्कम खर्च करता येते. म्हणून फाईल बिघडली तरी नाणी जागच्या जागी असतात. आपल्याला सापडत नाही ती किल्ली.

नोंद लिहिली जात असताना वीज गेली, हार्ड डिस्कचा काही भाग निकामी झाला किंवा प्रत अर्धवट निघाली, तर फाईलची रचना बिघडते. पण रचना बिघडली म्हणजे किल्ली गेलीच असे नाही. जाणकार माणूस सर्वप्रथम ती डिस्क वापरणे थांबवतो, कारण नवी नोंद जुन्या नोंदीवर लिहिली जाऊ शकते. मग तो डिस्कची हुबेहूब प्रत काढतो आणि सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करतो. जुन्या बिटकॉइन वॉलेटच्या फाईलमध्ये किल्लीच्या आधी ठरावीक खुणा असतात. त्या खुणांवरून तुकडे चाळून किल्ल्या वेगळ्या काढणारी साधने आहेत. शिवाय जुन्या वॉलेटमध्ये पुढे लागणाऱ्या १०० किल्ल्या आधीच तयार ठेवलेल्या असत. त्यामुळे काही महिन्यांपूर्वीची प्रत एखाद्या पेनड्राइव्हवर सापडली, तरी ती कामी येऊ शकते.

मात्र किल्लीची नोंद पूर्ण पुसली गेली असेल आणि दुसरी प्रत कुठेच नसेल, तर मार्ग उरत नाही. अंदाजाने शोधायचे म्हटले तर शक्य संख्यांचा आकडाच ७८ अंकी आहे. इथे जिद्द, नवस किंवा जागरण यांचा काही उपयोग होत नाही.

दोन्ही बाजूंचे असत्य

आता त्या दोन सल्ल्यांकडे पाहू. किल्ली मिळण्याची शक्यता तपासण्याआधीच "माया आहे" म्हणून हात झटकणे हे वैराग्य नाही. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, तसाच हा प्रकार. हात थांबलेले असतात, मन मात्र रात्रभर त्या फाईलभोवतीच फिरत असते. शिवाय गृहस्थाचे धन त्याच्या एकट्याचे नसते. त्यात मुलांचे शिक्षण असते, आईवडिलांचे औषधपाणी असते. ते वाचवण्यासाठी योग्य प्रयत्न करणे हा त्याचा धर्मच आहे.

दुसऱ्या टोकाला, मार्ग संपल्यावरही प्रयत्न चालू ठेवणे ही चिकाटी नसते. पुष्कळदा ती सत्याकडे पाहण्याची भीती असते. या भीतीचा फायदा घेणारे लोक टपलेलेच असतात. "आगाऊ शुल्क भरा, रक्कम खात्रीने काढून देतो," असे ते सांगतात किंवा वॉलेटचे गुप्त शब्द मागून घेतात. ते शब्द देणे म्हणजे तिजोरीची किल्लीच देणे. असा झालेला व्यवहार उलटवताही येत नाही. पहिले नुकसान फाईलने केलेले असते, दुसरे आपल्या आसक्तीने.

म्हणजे दोन्ही टोकांना उणीव एकच आहे, सत्याची. एक जण शक्यता असून ती पाहत नाही, दुसरा ती संपली तरी मान्य करत नाही.

पतंजलींनी चित्ताच्या वृत्तींचा निरोध अभ्यास आणि वैराग्य या दोहोंनी होतो असे सांगितले आहे. दोन्ही एकत्र हवेत. मूळ डिस्क बाजूला ठेवून प्रतीवर शांतपणे काम करणारा माणूस पाहिला की याचा अर्थ कळतो. तो पूर्ण प्रयत्न करतो, पण घाबरून मूळ वस्तूची ओढाताण करत नाही. घाबरलेला मनुष्य मात्र दहा वेळा संगणक बंद-चालू करतो, मिळेल ते सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवतो आणि जे वाचले असते तेही गमावून बसतो.

बुडीत खात्याची शिकवण

थांबावे कसे, याचे उत्तर वाणिज्य शाखेच्या साध्या नियमात सापडते. ऋणकोकडून पैसे येण्याची शक्यता उरली नाही की व्यापारी ती रक्कम बुडीत कर्ज म्हणून तोट्यात दाखवतो. ताळेबंद खरा राहावा एवढाच त्यामागचा हेतू असतो. न येणारी रक्कम मालमत्तेत दाखवत राहिले, तर पुढचे सगळे निर्णय चुकतात. पण ते पैसे उद्या आलेच, तर ते नाकारत नाहीत. 'बुडीत कर्ज वसुली' म्हणून जमा करतात.

सॅन फ्रान्सिस्कोतील संगणक अभियंता स्टीफन थॉमस यांची गोष्ट २०२१ साली जगभर गाजली. त्यांच्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली ज्या सुरक्षित ड्राइव्हवर होती, तिचा पासवर्ड ते विसरले होते. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर ती ड्राइव्ह कायमची बंद होणार होती आणि आठ प्रयत्न संपले होते. त्यांनी ती फेकून दिली नाही. सुरक्षित जागी ठेवली आणि मनःशांतीसाठी तो विषय मागे टाकायचे ठरवले. पुढे एखादा खरा मार्ग निघाला तर दार उघडे आहे. तोवर जगणे त्याच्यावर अडलेले नाही.

आपल्यावर असा प्रसंग आला तर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. अजून न तपासलेला खरा मार्ग कोणता? त्यासाठी माझी झोप, माझे कर्तव्य किंवा घरच्यांचा पैसा पणाला लागत आहे का? आणि ही रक्कम कधीच मिळाली नाही असे धरून पुढच्या महिन्याचा घरखर्च मी आखला आहे का? पहिल्या प्रश्नाला उत्तर असेल तर मनापासून प्रयत्न करावा. नसेल तर फाईलची प्रत जपून ठेवावी, घरच्यांना खरे काय ते सांगावे आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उठून आपल्या साधनेला आणि कामाला लागावे.