वास्तुपुरुषाचे काय करायचे?

घरात अशुभ बोलू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणते, असे मराठी घरांतली वडीलधारी माणसे आजही बजावतात. वास्तुशांतीला वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची आणि सणावारी तिथे नैवेद्य दाखवायचा, ही रीतही अनेक घरांनी सांभाळली आहे. या श्रद्धेत घर ऐकते, आशीर्वाद देते. मग तेच घर पुनर्विकासाला देताना फक्त चटई क्षेत्राचा हिशेब का होतो? पाडले जाते ते नुसते विटा-लाकूड, की आणखी काही?

दादरच्या हिंदू कॉलनीत हा प्रश्न चांगला तपासता येतो. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीने रोग पसरतो, तेव्हा माणसांना हवा-उजेड हवा, या विचारातून ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. तेव्हा हा भाग शहराच्या वेशीवर होता. रुंद रस्ते, झाडे, मोजक्या मजल्यांची घरे. याच वसाहतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1930 च्या दशकात 'राजगृह' बांधले, ग्रंथसंग्रहाला ऐसपैस जागा मिळेल असे. नाव दिले मगधाच्या प्राचीन राजधानीचे. ते घर जपायला हवे, याबद्दल वाद होऊच शकत नाही.

लिव्हरपूलच्या उपनगरातले 'मेंडिप्स' हे जॉन लेननचे बालपणीचे घरही असेच जपले गेले. 1933 चे हे मध्यमवर्गीय जोडघर 2002 पासून वारसा जपणाऱ्या 'नॅशनल ट्रस्ट' या ब्रिटिश संस्थेकडे आहे. जोडघर असल्यामुळे मधल्या सामाईक भिंतीच्या अलीकडे वारसा आणि पलीकडे शेजाऱ्यांचे साधे घर.

म्हणजे मोल आले ते राहणाऱ्याच्या कीर्तीतून. मग ज्या घरात कारकून, शिक्षिका, परिचारिका राहिल्या त्याचे मोल शून्य? हे न्यायाला धरून नाही. व्हिएन्नाचे कला-इतिहासकार आलोइस रीगल यांनी 1903 मध्येच वास्तूच्या ऐतिहासिक मूल्याहून तिचे वयोमूल्य वेगळे काढले होते. इतिहास कळायला अभ्यास लागतो. काळाचा हात फिरलेला मात्र कुणालाही दिसतो. जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या, हाताळून गुळगुळीत झालेला सागवानी कठडा, देवघरापुढची काळवंडलेली फरशी: यांना प्रसिद्ध नावाची गरज नाही.

पण हे सारे मूळ सामग्रीतच असते का? जॉन रस्किन 1849 मध्ये जवळपास तसेच म्हणत होते: जुन्या इमारती आपल्या मालकीच्या नाहीत, त्या बांधणाऱ्यांच्या आणि पुढच्या पिढ्यांच्या आहेत, नव्याने घडवलेली वास्तू ती वास्तू नव्हे. जपानमधले इसे येथील देवस्थान मात्र दर वीस वर्षांनी नव्या लाकडात उभे राहते, 2013 मध्येही राहिले, आणि तरी ते प्राचीनच मानले जाते. जीर्णोद्धाराची भारतीय परंपरा याच बाजूची आहे. जीर्ण मूर्तीतले देवत्व विधिपूर्वक कलशात घेतात, मूर्तीचे विसर्जन करतात, नवीत प्राणप्रतिष्ठा करतात. वारसा जतनाचे काम करणाऱ्या 'इंटॅक' या संस्थेच्या 2004 च्या सनदेनेही जीर्णोद्धाराला जतनाची पद्धत म्हणून मान दिला.

मात्र या परंपरेचा आधार घेऊन बुलडोझर बोलावता येत नाही. जीर्णोद्धारात आधी विचारले जाते की नव्यात काय न्यायचे आहे. बैठ्या घरात ओटा रस्त्याशी बोलत होता, माजघरात बाळंतिणीपासून आजारी आजोबांपर्यंत सगळे सामावत होते, अंगणातली तुळस घराचा दिवस सुरू करत होती. त्या जागी वीस मजले चढले आणि जुने नाव फाटकावर कोरले, तर नेले ते फक्त नाव.

मालकाची अडचणही खरी आहे. गळकी कौले, वाळवी लागलेली तुळई, गुडघ्यांना न झेपणारा जिना आणि दुरुस्तीचा न पेलणारा खर्च. शेजाऱ्यांना घराचे देखणेपण हवे असते, बिल एकाच कुटुंबाच्या नावावर येते. मुंबईत वारसा नियमावली 1995 पासून आहे. पण वारसा समाजाचा असेल तर खर्चातही समाजाने वाटा उचलायला हवा; करात सवलत आणि दुरुस्तीला मदत नसेल तर नुसती वारसा-श्रेणी म्हणजे शिक्षा ठरते.

जे घर अजून राहण्याजोगे आहे, ते दुरुस्त करून वापरावे. जे खरोखरच ठेवता येत नाही, त्याच्या करारावर सही करण्याआधी एवढे तरी करावे: मोजमापांसह नकाशा काढून घ्यावा, खोल्यांची छायाचित्रे घ्यावीत, कोणत्या खोलीत काय घडत असे ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या तोंडून लिहून घ्यावे, आणि त्याची एक प्रत गावातल्या वाचनालयात ठेवावी.