मागे फिरणं ही श्रद्धेची उणीव आहे का? (गीता १८.२५)



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला २५वा. तामस कर्म कशाला म्हणायचं, हे भगवंत इथे सांगतात. पुढे काय होईल, नुकसान किती, कुणाला इजा होईल का आणि मुळात आपली ताकद किती, यातलं काहीच न बघता मोहापोटी सुरू केलेलं कर्म म्हणजे तामस कर्म.

आता गंमत बघा. दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ असतो, फळावर हक्क सांगू नकोस म्हणणारा. आणि इथे तेच भगवंत म्हणतायत की परिणाम न बघणं तामस आहे. मग नक्की करायचं काय?

मला हे कोडं पोखरा ते जोमसोमच्या विमानप्रवासात फार स्पष्ट दिसतं. मुक्तिनाथला जाणारे बरेच यात्रेकरू हाच मार्ग घेतात. साधारण वीस मिनिटांचं उड्डाण, एकोणीस प्रवाशांचं छोटं ट्विन ऑटर विमान. खाली काली गंडकीची दरी, जिथले शाळिग्राम आपल्या देवघरात असतात. एका बाजूला धौलागिरी, दुसरीकडे अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर. दुपारकडे दरीत वारा प्रचंड सुटतो, म्हणून विमानं बहुतेक सकाळीच. पायलट मुख्यतः डोळ्यांनी बघत, दरी धरून जातो. ढग उतरले की तेच डोळे निकामी होतात.

२९ मे २०२२ ला या मार्गावर एक ट्विन ऑटर डोंगरावर आदळलं. २२ जण होते, त्यात चार भारतीय. कुणीच वाचलं नाही. चौकशी अहवालानुसार विमान ढगात शिरलं होतं, योग्य मार्ग राखला गेला नाही आणि समोर डोंगर असल्याचा इशारा देणारी यंत्रणा बंद केलेली होती. गेलेल्या माणसांवर घरबसल्या निकाल देणं मला बरोबर वाटत नाही. अरुंद दरीत दोन्हीकडे डोंगरच, तिथे असा इशारा सारखा वाजत राहिला तर माणूस वैतागणारच. पण आपल्या आतला इशारा आपण किती सहज म्यूट करतो, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

ढगात शिरलं की नेमकं काय होतं? १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. केवळ उपकरणं बघून उडण्याचं शिक्षण नसलेले २० पायलट घेतले आणि त्यांना बाहेरचं दिसणं बंद केलं. सरासरी १७८ सेकंदांत विमानावरचा ताबा सुटला. म्हणजे तीन मिनिटंही नाहीत! कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो, 'सगळं सरळ चाललंय', आणि विमान तर वळत वळत खाली जात असतं. मन इंद्रियांमागे गेलं की काय होतं, याचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता मागे फिरणाऱ्या पायलटचा विचार करा. त्याला फळ काय मिळतं? प्रवासी चिडतात, दर्शन हुकतं, इंधन वाया. आणि दहा मिनिटांनी ढग उघडले असते की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. आपण बरोबर होतो याचा पुरावा त्याच्या हाती येत नाही. मला तर हेच खरं निष्काम कर्म वाटतं. उलट जो धोका पत्करून पोचला, त्याला टाळ्या मिळतात आणि चुकीचा धडाही मिळतो. पुढच्या वेळी तो आणखी थोडा पुढे रेटतो. फळ हा फार वाईट शिक्षक आहे (प्रोजेक्टवर डेडलाइनला 'मागच्या वेळी चाललं होतं ना' हे ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको).

म्हणजे दोन श्लोकांत भांडण नाहीच. परिणाम नीट बघायचा, फक्त त्यातल्या आपल्या वाट्याला चिकटायचं नाही. 'दर्शनाला निघालोय, देव नेईल' हे ऐकायला भक्ती वाटतं. पण मागे एकोणीस जण बसलेले असताना हे म्हणणं म्हणजे श्लोकातला हिंसा हा शब्द गाळून वाचणं. स्वतःपुरती शरणागती वेगळी, दुसऱ्याचा जीव पणाला लावून केलेली वेगळी.

अर्थात प्रत्येक ढगाला घाबरून चालत नाही. डोंगरातल्या गावांना औषधं, सामान अशाच विमानांनी पोचतं. म्हणून तर भगवंतांनी आपली ताकद बघायला सांगितलीय. तोच ढग एकाला झेपतो, दुसऱ्याला नाही.

डोंगराळ भागात उडणाऱ्यांना एक गोष्ट शिकवतात. दरीच्या मधोमध जायचं नाही, एका कडेने जायचं, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते. कारण दरी पुढे अरुंद होत जाते, आणि एका जागेनंतर पायलटला मागे फिरायचं असलं तरी विमान वळू शकत नाही. ती कडेची जागा आकाश स्वच्छ असतानाच धरावी लागते.

उद्या २६वा श्लोक घेऊ, सात्त्विक कर्त्याचा. जय हरी!