श्रीशंकरास धोत्रा का वाहतात?

॥ ॐ नमः शिवाय ॥

माघ वद्य चतुर्दशीस, महाशिवरात्रीच्या पर्वकाळी, शिवलिंगावर बिल्वपत्रांसमवेत धोत्र्याची फुले व काटेरी फळे वाहण्याची परंपरा आहे. अन्य देवतांना सुगंधी पुष्पे व मधुर फळे अर्पण होत असता, देवाधिदेव महादेवाच्या वाट्यास ही विषारी वनस्पती का यावी, असा प्रश्न भाविकांच्या मनी उद्भवणे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर समुद्रमंथनाच्या कथेत आहे. अमृताच्या आशेने सारे मंथनास जमले होते. पण हलाहल वर येताच कोणीही पुढे होईना. त्रैलोक्य होरपळू लागले, तेव्हा करुणाघन शंकराने ते प्राशन केले आणि कंठातच रोखून धरले. म्हणूनच तो नीलकंठ. इतरांना विष प्यावे लागू नये, यासाठी त्याने ते घेतले. धोत्रा वाहणे म्हणजे आपल्या जीवनातील विष त्याच्या स्वाधीन करणे होय. संस्कृतात ‘मद’ या एकाच शब्दाचे नशा आणि गर्व असे दोन्ही अर्थ होतात. हा मद शिवचरणी ठेवून रित्या हाताने परतावे, हेच या अर्पणाचे मर्म.

आपल्या पूर्वजांना या वनस्पतींचे सामर्थ्य ठाऊक होते. अथर्ववेदात भंगेचा उल्लेख येतो; आयुर्वेदाने भांगेस ‘विजया’ म्हटले व धोत्र्याची गणना उपविषांत केली. मात्र शोधनावाचून व वैद्याच्या आज्ञेवाचून त्यांचा वापर सांगितला नाही. धोत्र्यात असणारे ॲट्रोपीन हे द्रव्य आज रुग्णालयांत कीटकनाशकांची विषबाधा झालेल्या रुग्णास जीवदान देते. तोच धोत्रा अजाणतेपणी पोटात गेल्यास तोंडास कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो. अशा वेळी घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

तरीही ‘हा तर भोलेनाथाचा प्रसाद’ असे म्हणून कोवळ्या वयाच्या मुलांपुढे चिलीम धरणारे आढळतात. गांजा व चरस यांचे सेवन १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यान्वये अपराध आहेच. पण त्याहून मोठा अपराध आहे तो शिवाच्या नावाचा. शिवाने विष घेतले आणि जग वाचले. व्यसनी विष घेतो आणि त्याची आई, पत्नी व लेकरे जळतात. यास शिवाचे अनुकरण कसे म्हणावे?

वारकरी तुळशीची माळ गळ्यात घालतो, तेव्हा व्यसनत्यागाचे व्रतही घेतो. शिवभक्ताचे बिल्वपत्र याहून निराळे काय सांगते?

भाविकांनी धोत्रा श्रद्धेने वाहावा, हात स्वच्छ धुवावेत, त्याची फळे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि अनोळखी व्यक्तीने प्रसाद म्हणून दिलेले पेय घेऊ नये. मन रमवावे ते नामात. त्या रंगात शुद्ध हरपत नाही, उलट जागी होते.

॥ हर हर महादेव ॥