दर्शन, प्रदर्शन आणि विश्रांती

‘दर्शन’ आणि ‘प्रदर्शन’ हे दोन्ही शब्द ‘दृश्’ म्हणजे पाहणे या एकाच धातूपासून आले आहेत. तरी मराठी माणूस त्यांची गल्लत करत नाही. देवळात दर्शन घेतले जाते, कलादालनात प्रदर्शन पाहिले जाते, आणि सांख्य, न्याय, वेदान्त यांसारख्या तत्त्वविचारांनाही ‘दर्शने’ म्हणतात. दर्शनात भक्त देवाला पाहतो आणि देवाची दृष्टी भक्तावर पडते, अशी दुहेरी क्रिया अपेक्षित असते. प्रदर्शनात वस्तू मांडणारा आणि ती पाहणारा एवढे दोघेच धरलेले असतात आणि मांडलेली वस्तू कोणाकडे पाहत नाही, असे गृहीत असते. यातून एक जुना पण अजून न मिटलेला प्रश्न उभा राहतो. एके काळी पूजेत असलेली मूर्ती विद्यापीठाच्या कलादालनात येते तेव्हा तिच्यातले काय जाते, काय उरते, आणि जे उरते त्याच्याशी ज्ञानाच्या संस्थेने कसे वागावे?

शास्त्राचे उत्तर वरवर सोपे आहे. आगम आणि शिल्पग्रंथ यांच्या मते देवत्व दगडात किंवा धातूत आपोआप नसते. प्राणप्रतिष्ठेच्या विधीने देवाला मूर्तीत येण्याची विनंती केली जाते आणि नेत्रोन्मीलनाने, म्हणजे मूर्तीचे डोळे उघडण्याच्या विधीने, तिला दृष्टी मिळते. जे विधीने येते ते विधीने परतही जाते. भाद्रपदातली गणपतीची पार्थिव मूर्ती, म्हणजे मातीची मूर्ती, उत्तरपूजेनंतर हलवली की ती पुन्हा माती मानली जाते. जीर्णोद्धाराच्या वेळी मूर्तीतले तेज कलशात आवाहन करून तात्पुरते तिथे ठेवले जाते. आणि भंगलेली मूर्ती सामान्यतः पूजेस अयोग्य ठरते. या न्यायाने उत्खननात सापडलेली, हात तुटलेली मूर्ती चौथऱ्यावर मांडण्यात कोणताही अपराध होत नाही, कारण त्या घरातला रहिवासी आधीच निघून गेलेला असतो.

लोकांचे मन मात्र या न्यायावर थांबत नाही. भारतातल्या वस्तुसंग्रहालयांत गणपतीच्या किंवा विष्णूच्या मूर्तीपुढे नकळत हात जोडणारे प्रेक्षक असतात आणि एखाद्या मूर्तीच्या पायाशी नाणे किंवा फूलही ठेवलेले आढळते. पंढरपुरात मुखदर्शन आणि पदस्पर्शदर्शन अशा दोन वेगळ्या रांगा लागतात आणि दुसऱ्या रांगेतला वारकरी विठ्ठलाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके टेकवतो. त्या अगणित स्पर्शांनी पाषाणाची झीज होते आणि ती रोखण्यासाठी मूर्तीवर वज्रलेप, म्हणजे संरक्षक लेप, द्यावा लागतो. मराठीत ‘झिजणे’ हा सेवेचा शब्द आहे. देवळात भक्त झिजतो तसा देवही झिजतो. कलादालनाचा पहिला नियम याच्या नेमका उलट असतो. तिथे वस्तूला हात लावता येत नाही, कारण ती झिजू न देणे हाच त्या घराचा धर्म आहे. संबंध राखण्यासाठी वस्तू झिजू द्यावी की वस्तू राखण्यासाठी संबंध तोडावा, असा हा पेच आहे.

आधुनिक विचारवंतांनी हा पेच वेगवेगळ्या टोकांनी धरला. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याने बर्लिनमधल्या सौंदर्यशास्त्राच्या व्याख्यानांत असे निरीक्षण नोंदवले, की ग्रीक देवांच्या आणि मेरीच्या प्रतिमा कितीही श्रेष्ठ वाटल्या तरी त्यांच्यापुढे आधुनिक माणसाचा गुडघा आता टेकत नाही. जर्मन समीक्षक वॉल्टर बेंजामिन याने 1930च्या दशकात कलाकृतीचे पूजामूल्य आणि प्रदर्शनमूल्य असा भेद केला आणि पहिले ओसरत जाते तसे दुसरे वाढत जाते, असे दाखवले. आनंद कुमारस्वामी यांनी हा विचार आणखी परखडपणे मांडला, आणि त्यांच्या शब्दाला वेगळे वजन होते, कारण 1917पासून ते स्वतः बॉस्टनच्या कलासंग्रहालयात भारतीय कलेचा विभाग सांभाळत होते. कलाकृती मुळात वापरासाठी घडवलेली असते, त्यामुळे ती का घडवली हे प्रेक्षकाला कळले नाही तर ती मांडून ठेवण्याला अर्थ उरत नाही, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह इतर कोणत्याही कलादालनापेक्षा विद्यापीठाच्या कलादालनाला अधिक लागू पडतो, कारण का आणि कशासाठी हे विचारणे हेच विद्यापीठाचे काम आहे.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण काशीत आहे. राय कृष्णदास यांनी 1920मध्ये सुरू केलेला संग्रह 1950मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाकडे आला आणि ‘भारत कला भवन’ या नावाने तो आज विद्यापीठाच्या परिसरात आहे. त्याच परिसरात 1931मध्ये पायाभरणी होऊन 1966मध्ये पूर्ण झालेले नवे विश्वनाथ मंदिरही आहे. एकाच आवारात एका इमारतीत देवाची पूजा होते आणि दुसरीत देवांचा अभ्यास होतो. कला भवनात काशीच्याच बकरिया कुंड भागातून आलेली गुप्तकालीन गोवर्धनधारी कृष्णाची भव्य मूर्ती आहे. एक बाहू डोक्यावर उचलून कृष्णाने पर्वत तोलून धरला आहे. गोकुळाला पावसापासून आसरा देणारा हा देव स्वतः काळाच्या माऱ्यात सापडला, आणि आज त्यालाच एका छपराखाली आसरा मिळाला आहे. त्याच्यापुढे दिवा नाही, नैवेद्य नाही. पण उचललेल्या बाहूचा अर्थ अजून शाबूत आहे आणि त्या बाहूखाली जो उभा राहतो त्याला तो कळू शकतो.

भारतीय काव्यशास्त्राने या उरलेल्या गोष्टीला नाव दिले आहे. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. तिचा अर्थ असा, की रसिकाचा अनुभव ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ या कुंपणांतून सुटतो आणि भाव सर्वांचा होतो. पुढे चौदाव्या शतकात काव्यशास्त्रकार विश्वनाथाने रसाला ‘ब्रह्मास्वादसहोदर’ म्हटले. रस हा ब्रह्मानंदाचा सख्खा भाऊ आहे, पण तो ब्रह्मानंद नव्हे. नात्याची जवळीक आणि व्यक्तींचे वेगळेपण हे दोन्ही या एका शब्दात सांभाळलेले आहे. कलादालनातले पाहणे दर्शनाची जागा घेऊ शकत नाही, पण ते दर्शनाच्या घरातलेच असू शकते. साधारणीकरणाला एक सामाजिक बाजूही आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947मध्ये उपोषण करावे लागले आणि त्याआधी 1930पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह झाला. ज्यांना शतकानुशतके देवाचे तोंडही पाहू दिले नाही, त्यांच्या वंशजांना जात, धर्म किंवा श्रद्धा न विचारता मूर्तीसमोर उभे राहू देणारे दालन केवळ देवाला बेघर करते, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही प्रदर्शनात एक खरा धोका आहे: वस्तू सतत आणि सर्वकाळ उपलब्ध असणे. जे नेहमीच दिसते ते हळूहळू दिसेनासे होते, हे मंदिरांनी फार पूर्वी ओळखले होते. म्हणून दर्शनाला वेळा असतात, पडदा असतो, आणि वर्षाला लय असते. आषाढी एकादशीला देव झोपतो आणि कार्तिकीला जागा होतो. जगन्नाथपुरीत ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानानंतर सुमारे पंधरा दिवस मूर्ती भक्तांना दिसत नाहीत. या काळाला ‘अणसर’ म्हणतात, आणि त्यानंतर नेत्रोत्सव होऊन पुन्हा दर्शन खुले होते. न दिसणे हा तिथे दर्शनाचाच एक भाग आहे. दक्षिणेच्या मंदिरांत गाभाऱ्यातून न हलणारे ‘ध्रुवबेर’ आणि मिरवणुकीत लोकांपर्यंत येणारे ‘उत्सवबेर’ असा मूर्तींचा भेद असतो; बेर म्हणजे प्रतिमा. चांगल्या विद्यापीठीय कलादालनाच्या वर्षातही असाच भेद असतो. स्थायी संग्रह जागचा हलत नाही. बदलती प्रदर्शने सत्रागणिक येतात आणि उतरवली जातात.

या बदलण्यामागे एक भौतिक कारणही आहे. कागदावरच्या लघुचित्रांचे रंग आणि कागद प्रकाशाने कायमचे बिघडतात आणि झालेली हानी भरून येत नाही. म्हणून अशी चित्रे साधारण 50 लक्स इतक्या मंद उजेडात काही महिनेच मांडावीत आणि मग दीर्घकाळ अंधारात विश्रांतीसाठी ठेवावीत, असा संवर्धकांचा रिवाज आहे. चित्र भिंतीवरून उतरते, आम्लविरहित कागदात गुंडाळले जाते आणि भांडारातल्या खणात आडवे ठेवले जाते. भिंतीवर काही काळ रिकामी जागा राहते आणि पुढच्या प्रदर्शनात तिथे दुसरे चित्र येते. हे व्यवस्थापन वरून कोरडे दिसले तरी त्यात वस्तूच्या मर्यादेचा आदर आहे. रिकाम्या भिंतीची तक्रार करणाऱ्या प्रेक्षकाला हे समजावून सांगणे हे धर्मशिक्षणही आहे आणि कलाशिक्षणही, कारण पाहण्याची इच्छा आवरणे हा पाहण्याच्या संस्काराचाच भाग आहे.

मात्र विश्रांती आणि आदर एवढ्याने विद्यापीठाचे कर्तव्य संपत नाही. 1683मध्ये खुले झालेले ऑक्सफर्ड विद्यापीठाचे अ‍ॅशमोलियन संग्रहालय याचा धडा देते. तमिळ वैष्णव संतकवी तिरुमंगै आळवार यांची सोळाव्या शतकातली कांस्यमूर्ती या संग्रहालयाने 1967मध्ये लिलावातून घेतली होती. 1957मध्ये तमिळनाडूतल्या एका मंदिरात काढलेले तिचे छायाचित्र पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात असल्याचे एका अभ्यासकाने दाखवून दिले, तेव्हा संग्रहालयाने ही गोष्ट स्वतःहून भारतीय उच्चायुक्तालयाला कळवली, आणि 2024मध्ये विद्यापीठाच्या मंडळाने मूर्ती परत देण्याच्या मागणीला पाठिंबा दिला. इथे मूर्ती परतीच्या वाटेला लागली ती संशोधनामुळे, एका जुन्या छायाचित्रामुळे आणि जे कळले ते न दडवण्यामुळे. ज्ञानाच्या संस्थेने मूर्तीची केलेली ही खरी पूजा होय.

म्हणून निर्णय असा द्यावा लागतो, की जिची पूजा खंडित झाली आहे आणि जिच्यावर कोणत्याही जिवंत समाजाने हक्क सांगितलेला नाही अशी मूर्ती विद्यापीठाच्या दालनात निर्दोषपणे राहू शकते, पण तिथे राहण्याचे भाडे तिच्या वतीने विद्यापीठाने भरले पाहिजे. मूर्ती कुठून आली, कोणाच्या हातून आली, तिच्यापुढे कोण उभे राहत असे आणि कोणाला उभे राहू दिले जात नसे, हे सारे माहितीफलकावर लिहिणे हे ते भाडे आहे. आणि जी मूर्ती चालत्या पूजेतून चोरीने उचलली गेली आहे, तिच्यासाठी कितीही सुंदर दालन अपुरेच आहे. तिचे प्रदर्शन थांबवून तिला दर्शनाकडे परत पाठवणे हाच तिचा एकमेव योग्य सन्मान आहे.