डाग आणि त्याचें पाणी

शास्त्रवाचन : यिर्मया 2:22, मलाखी 3:2 व 4:2, मत्तय 18:15.



ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस असलेला शिरवणे गांव आज नव्या मुंबईच्या पोटांत आहे. 1962 सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, 1970 सालीं सिडको आली, आणि त्या बाजूच्या भातखाचरांच्या जागीं कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. तरी आगरी घरांतील लग्नाची हळद अजून थाटांतच होते, आणि दुसऱ्या दिवशीं पिवळे झालेले पांढरे सदरे धुण्यास निघतात. शेजारच्या दोरीवर कारखान्यांतून परतलेल्या कामकऱ्याची तेलकट विजार लोंबत असते. हे दोन डाग एकाच रीतीनें निघत नाहींत, हें तेथील कोणतीही गृहिणी सांगेल. आज आम्ही तिच्याच पायांशीं बसून शास्त्र वाचूं इच्छितों.

प्रथम रक्ताचा डाग घ्या. विळ्यानें बोट कापलें आणि सदऱ्यावर रक्त सांडलें, तर अजाण मनुष्य घाईनें कढत पाणी ओतितो. त्याचा हेतु चांगला असतो; डाग लवकर जावा, कोणास दिसूं नये. परंतु उकळत्या पाण्यांत अंडें जसें घट्ट होतें, तसें उष्णतेनें रक्तांतील प्रथिन धाग्यांत घट्ट बसतें, आणि जो डाग घटकाभरांत निघाला असता तो जन्माचा होतो. जाणती आई असा कपडा थंड पाण्यांत भिजत ठेविते, पाणी दोनतीनदां बदलिते, आणि मग साबण लाविते.

उपदेशक बंधूंनो, हें आपणांसच उद्देशून आहे. एखाद्या मंडळींत वर्गणीचा हिशेब जुळत नाहीं, आणि ज्याच्या हातीं पेटी होती त्याच्याकडे सर्वांचे डोळे वळतात. रविवारीं उपदेशक उभा राहतो व सर्वांदेखत कढत शब्द ओतितो. पुढच्या रविवारीं तो मनुष्य येत नाहीं. त्याच्या पुढल्या रविवारीं त्याचीं मुलेंही येत नाहींत. असें ऊन पाणी आमच्याही हातून ओतलें गेलें आहे, हें आम्ही लाजेनें कबूल करितों. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत प्रभूनें पहिली पायरी कोणती सांगितली? अपराध्याकडे एकांतांत जाणें. थंड पाणी लावणें म्हणजे डाग झांकणें नव्हे. गेलेला पैसा परत आलाच पाहिजे, आणि हिशेब मंडळीपुढें स्वच्छ झालाच पाहिजे. मात्र आधीं भिजवणें, मग चोळणें.

आतां हळद. हळदीच्या डागास साबण लावितांच तो जाण्याऐवजीं तांबडा होतो. नवी सून घाबरते. साबणानें कापड बिघडविलें असें तिला वाटतें. वास्तविक साबणांत क्षार असतो, आणि हळदीच्या रंगाचा गुणच असा कीं क्षार लागतांच तो लाल दिसतो. साबणानें नवा डाग पाडिला नाहीं; जें तेथें होतें तें ठळक केलें. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायांत पौलानें नियमशास्त्राविषयीं हेंच दाखविलें आहे. दहा आज्ञा वाचून जो अस्वस्थ झाला, त्यानें आज्ञांस दोष देऊं नये.

पण तेवढ्यावर थांबलें तर कापड लालच राहील. यिर्मयानेंही म्हटलें आहे कीं पुष्कळ खार लावूनही अधर्माचा डाग देवापुढें राहतोच. मग सून काय करिते? साबण चांगला खळबळून काढिते, लाली पुनः पिवळ्यावर येते, आणि ओला सदरा ती उन्हांत टाकिते. हळदीचा रंग सूर्यप्रकाशापुढें टिकत नाहीं. चारदोन उन्हांत तो उडून जातो. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायांत परटाचा खार आहे आणि चौथ्यांत न्यायीपणाचा सूर्य आहे. खाराचें काम आपल्या हातीं थोडेंबहुत असतें. सूर्यापुढें कापड फक्त पसरावें लागतें.

तेलकट विजारीवर आधीं कोरडें बेसन किंवा खडूची भुकटी टाकावी, पाणी मागून. गंजाच्या डागास लिंबू, मीठ व ऊन. त्यावर ब्लीचिंग पावडर घालूं नये, गंज अधिकच पक्का होतो. आणि ब्लीचिंग पावडर कोणत्याही आम्लांत किंवा संडास धुण्याच्या औषधांत कधींही मिसळूं नका. त्यांतून क्लोरीनचा विषारी वायु निघतो. यांत कोणी आत्मिक बोध शोधीत बसूं नये, जीव सांभाळावा.

आपल्यांपैकीं अनेकांच्या वाडवडिलांस गांवानें विटाळ म्हटलें. म्हणजे त्यांच्यावर डाग पडला आहे असें नव्हे, तर तेच डाग आहेत असें. प्रभूनें असें कोणासही म्हटलें नाहीं. तो कुष्ठ्यास हात लावून बोलला. म्हणून आपल्या मंडळींत पडलेल्या बंधूस तोच जुना शब्द नव्या तोंडानें ऐकूं येऊं नये.

पूर्वीं परीट प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसानें खूण करीत असे. ती भट्टींत जात नसे, खारानें जात नसे, उन्हानेंही उडत नसे. कपडा फाटून चिंधी झाला तरी खूण राही. शेंकडों घरांचीं धुणीं एका भट्टींत पडत, तरी ज्याचा कपडा त्याच्या घरीं येई तो या खुणेमुळें. पवित्र आत्म्याचा शिक्का विश्वासणाऱ्यांवर झाला आहे असें इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायांत सांगितलें आहे, तेव्हां आम्हांस हा बिब्बाच आठवतो. धुऊन आलेल्या सदऱ्यावर एखादा फिकट डाग राहिलेला असे. तरी घरधनी आधीं कोपरा उलटून खूण पाही, आणि हा आमचाच म्हणून आंत घेई.

ज्या बंधूची जागा दोन रविवार रिकामी आहे, त्याच्या घरीं या आठवड्यांतच जा. संध्याकाळीं, तो कामावरून परतल्यावर जा, आणि एकटेच जा.